मुंबईला असतात

'वडील काय करतात?' हा प्रश्न कुठल्याही खिडकीपाशी कानावर पडला की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. बँकेत, दवाखान्यात, नातवाच्या शाळेत. नकळत मी उत्तराकडे कान लावतो. पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यांची आठवण येते आणि जाते. या प्रकरणात कुणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. तरी हेच प्रकरण डोक्यातून जात नाही.

कुणाचं नाव किंवा गाव लिहिणार नाही. जिल्हा रत्नागिरी, एवढं पुरे.

आमच्या बौद्धवाडीतला पहिला पदवीधर मी. हे मी मोठ्याने सांगतो, त्यात मला संकोच नाही. सरकारची शिष्यवृत्ती नसती तर मीही वडिलांच्या मागोमाग मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला गेलो असतो. कॉलेजात शिष्यवृत्ती मंजूर झालेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागायची. टाइप केलेली, कार्बनची पुसट प्रत. माझं नाव तिच्यात दिसल्यावर मी दिवसातून तीनदा ती वाचायला जात असे. शिपाई म्हणाला होता, "अरे, तेच नाव आहे. बदललं नाही." सांगायचा मुद्दा असा, की शिष्यवृत्तीत कुणी खोटेपणा केला की मला तो घरात शिरलेल्या चोरासारखा वाटायचा.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं नुकतीच सुरू झाली होती. सकाळच्या टपालात एक निनावी अर्ज आला. ठाण्यात निनावी अर्ज रोजचेच. शेजाऱ्याने सरकवलेल्या दगडी गडग्यापासून साहेबाच्या चारित्र्यापर्यंत त्यात काहीही असतं. आवक बारनिशीत नोंद होते, शेरा पडतो आणि अर्ज फाइलला लागतो. हा अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर होता, अक्षर विद्यार्थ्याचं. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला पंधरा मिनिटांत मिळतो, तोच दाखला शिष्यवृत्तीच्या फॉर्मला जोडतात, असा मजकूर. खाली एक ओळ: 'मग आम्ही सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिलो ते वेडे का?'

ती ओळ मला लागली. अर्ज मी फाइलला जाऊ दिला नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. तलाठ्याने घरची परिस्थिती पाहून अहवाल द्यायचा, त्यावर दाखला निघतो. तो नसेल तर गरीब घरच्या मुलाची शिष्यवृत्ती पुढे सरकत नाही. मी एका कॉलेजाकडून त्या वर्षीच्या दाखल्यांच्या प्रती मागवल्या आणि तहसील कार्यालयाला पडताळणीसाठी पाठवल्या. आठवड्याने उत्तर आलं. चौदा दाखल्यांची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक, या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडे.

दुकानावर गेलो तेव्हा पंच म्हणून शेजारचा चहावाला आणि समोरचा पंक्चरवाला घेतला. दुकानदार तिशीतला, बोलायला चांगला. संगणक, प्रिंटर जप्त करून त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, मी नुसती प्रिंट काढतो," तो म्हणाला.

"कशाची?"

"लोक जे देतात त्याची. लोकांची सोय होते."

"सोय?"

"तिकडे सर्व्हर डाउन असतो. टोकन संपतं. पोरं तालुक्याच्या टोकाहून येतात, दुपारची एसटी चुकते, हात हलवत परत जातात. दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्याकडे येतात तेव्हा रडकुंडीला आलेली असतात."

माणूस खोटं बोलताना मध्ये थोडं खरं पेरतो. यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच तो इतका ठाम होता. तासभर हेच चाललं. आमचा जुना हवालदार कोपऱ्यात चौदा प्रती घेऊन बसला होता. प्रत्येक दाखल्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो, मोबाइल धरला की मूळ दाखला दिसतो. हवालदाराने मुलाकडून ते शिकून घेतलं होतं आणि त्याला त्याचं फार कौतुक होतं. त्याने पहिल्या प्रतीवर मोबाइल धरला, मग दुसऱ्या, तिसऱ्या. चौदाही वेळा मोबाइलने एकाच म्हाताऱ्या माणसाचं नाव दाखवलं. आडनाव दुकानदाराचं.

"काय रे," हवालदार म्हणाला, "बापाचाच दाखला घातलास सगळ्यांना?"

दुकानदाराने मान खाली घातली. "घरात तोच होता."

ठाण्यात सगळे हसले. मीही हसलो. एका खऱ्या दाखल्यावरची नावं बदलून त्याने चौदा घरांना आपला बाप दिला होता. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

इथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं. विद्यार्थ्यांचे जबाब तेवढे राहिले होते.

तेरा जणांनी एकच वाक्य सांगितलं. 'दुकान सरकारमान्य आहे असं आम्हाला वाटलं, दाखला खोटा असल्याची कल्पना नव्हती.' शब्द इतके सारखे, की एकाच वकिलाने शिकवले असणार. मी ते लिहून घेतले. दाखला खोटा आहे हे ठाऊक असून वापरला, तर वापरणाराही आरोपी होतो. या पोरांना मला आरोपी करायचं नव्हतं. त्यांनी खरे दाखले काढून मुदतीत जोडावेत, एवढंच कॉलेजचं म्हणणं होतं.

चौदावी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आतल्या गावातली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यायचा असा नियम आहे, म्हणून मी महिला हवालदाराला घेऊन वसतिगृहात गेलो. रेक्टरबाईंच्या खोलीत बसलो. मुलगी बारीक, सरळ बसलेली, हातावर प्रयोगशाळेतल्या कसल्याशा औषधाचे पिवळे डाग.

"दाखला खोटा आहे हे तुला माहीत होतं?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

"होतं."

महिला हवालदाराचं पेन थांबलं. "अगो, साहेब काय विचारतात ते नीट ऐक आधी."

"ऐकलं मॅडम. माहीत होतं."

"मग घेतलास कशाला?" मी विचारलं.

"खरा मिळत नव्हता."

"का मिळत नव्हता?"

तिने हातावरचा पिवळा डाग अंगठ्याने चोळला.

"वडील काय करतात?"

"मुंबईला असतात."

"मुंबईला काय करतात, ते विचारतोय मी."

"असतात," ती म्हणाली.

मी ताडलं की इथे पाणी मुरतंय. बाप मुंबईत चांगल्या पगारावर असणार, ते लपवायला खोटा दाखला. मला राग आला. मी तिला सुनावलं. याच शिष्यवृत्तीवर मी शिकलो, ती गरिबाच्या पोरांची आहे, घरात पगार येत असताना ती घेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं, वगैरे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही फॉर्म भरला होतात ना?" ती म्हणाली. "मग वडिलांच्या रकान्यात काय काय लिहावं लागतं ते तुम्हाला माहीत असेल."

एवढंच. उद्धटपणे नाही, सांगावं तसं. जीपमध्ये बसल्यावर ते वाक्य मला चावलं. माझे वडील गोदीत हमाल होते. माझ्या फॉर्मवर मी 'हमाली' लिहिलं नव्हतं. 'मुंबई येथे नोकरी' असं लिहिलं होतं, शाईने, सुवाच्य अक्षरात. कुणी विचारलं नाही आणि मी फौजदार झालो. पण त्या दिवशी मी हा विचार बाजूला सारला. हमाल गरीबच असतो, माझ्या लिहिण्याने कुणाचं नुकसान झालं नव्हतं, अशी समजूत घातली स्वतःची.

दोन दिवसांनी बापाचा पत्ता काढायला मी तिच्या गावी गेलो. गावचे पोलीस पाटील रस्त्यावरच जीपमध्ये बसले. कातळ ओलांडून वाडीत उतरलो. घर कौलारू, लहान, अंगण स्वच्छ सारवलेलं. तिची आई पेंढा रचत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. मला पाहून पदर सावरला, पाणी आणलं, पाटावर बसायला सांगितलं.

"मालक कुठे असतात?" मी विचारलं.

"म्हमईला असतात."

"पत्ता द्या त्यांचा."

"आता पत्ता... ते खोली बदलत असतात हो. शिमग्याला येणार हायत, तवा इचारून ठेवते."

भिंतीला खुंटीवर पुरुषाचा सदरा होता. पांढरा, धुतलेला, घडीच्या रेषा असलेला. कॉलर जुन्या पद्धतीची, लांब टोकांची. कुणी वापरत असलेला सदरा असा दिसत नाही. मी पोलीस पाटलांकडे पाहिलं. ते बाहेर माडाकडे बघत होते.

परतताना जीप थांबवून मी त्यांना विचारलं. तंबाखू मळता मळता ते बोलले.

"अकरा वर्षं झाली, साहेब. पोरगी शाळेत होती. गणपती करून गेला तो गेला. एकदा कुणीतरी सांगितलं, तिकडे दुसरा संसार हाय. बाई जाऊन बघून आली. काय बघितलंन ते कुणाला बोलली न्हाय. तेव्हापासून विचारलं की म्हमईला असतात. सणाला विचारलं की रजा न्हाय मिळाली."

"आणि गाव?"

"गाव काय म्हणणार? आम्ही पण तेच म्हणतो. 'रजा मिळत नसंल' म्हणतो."

मी कोकणातला. 'मुंबईला असतात' या दोन शब्दांत आमच्याकडे किती गोष्टी झाकलेल्या असतात ते लहानपणापासून ऐकत आलेला. गिरणी बंद पडलेला, दारूला लागलेला, परागंदा झालेला, मेलेलासुद्धा माणूस वाडीत मुंबईलाच असतो. आणि वसतिगृहात ते शब्द समोर बसून कुणी म्हटले तेव्हा मी पगाराची पावती शोधायला निघालो होतो.

पुढचा उलगडा तलाठ्याकडे झाला. आधीचे तलाठी इथलेच, जुने. ते काही न विचारता 'शेती व मजुरी' असा अहवाल द्यायचे. मुलीची पहिली दोन वर्षं त्यावर निभावली. मग बदली होऊन घाटावरचा तरुण मुलगा आला. प्रामाणिक, नियमाने चालणारा. त्याने बाईला विचारलं, पती काय करतात? ती म्हणाली, म्हमईला असतात. त्याने रास्तच सांगितलं, मग त्यांची पगाराची पावती आणा. बाई तीनदा गेली, तीनदा त्याने तेच सांगितलं. चौथ्यांदा मुलगी झेरॉक्सच्या दुकानात गेली.

"मला वाटलं, मुंबईत आहेत म्हणजे पगार असणार," तो तलाठी म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. मराठी आमची एकच, पण हे वाक्य त्याच्या मुलखात तसं बोलत नाहीत.

त्याने आकडेमोड करून मला आणखी एक गोष्ट दाखवली. खोट्या दाखल्यावर जे उत्पन्न होतं, ते त्या घराच्या खऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त होतं. खरं सांगितलं असतं तर तिला दाखला आपोआप मिळाला असता.

"नवऱ्याने सोडल्याचा पंचनामा केला तर?" मी विचारलं.

"आठ दिवसांत दाखला देतो साहेब. गावातले पाच पंच आणि बाईंचं निवेदन. बस."

मला एकदम हलकं वाटलं. कॉलेजची मुदत तीन आठवड्यांची होती. हाती मार्ग होता, कायदेशीर, सरळ. मी वसतिगृहात जाऊन मुलीला सगळं सांगितलं. 'माहीत होतं' हे वाक्य मी जबाबात घेणार नाही, तू साक्षीदार राहशील, खरा दाखला मिळेल, परीक्षेचा फॉर्म भरता येईल.

"ते निवेदन कुणापुढे वाचणार सर?"

"पंचांपुढे."

"पंच आमच्या गावातले?"

"हो."

"मग नको."

"पोरी, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ते वेगळं," ती म्हणाली. "आईला तोंडाने म्हणावं लागेल. अकरा वर्षं ती एकच वाक्य बोलत्येय. मी बीएस्सी व्हावं म्हणून ते तिच्या तोंडातून काढून घेऊ?"

मी म्हटलं, आई आहे ती, मुलीसाठी कुठलीही आई एवढं करील. मला खात्री होती. शिकलेल्या माणसाला असते तशी खात्री.

"तुम्ही जाऊ नका सर," ती म्हणाली.

मी गेलो. तलाठ्याला जीपमध्ये घातलं, गावात निरोप पाठवून पाच पंच बोलावले. त्या अंगणात पोलिसांची जीप, तलाठी, पोलीस पाटील, पाच बाप्ये, गडग्यापलीकडे जमलेल्या बाया. हे सगळं मी जमवलं होतं. तलाठ्याने मजकूर तयार आणला होता. तो त्याने स्वच्छ, मोठ्या आवाजात वाचला. सदर महिलेस तिच्या पतीने सुमारे अकरा वर्षांपूर्वी सोडून दिले असून, तेव्हापासून तो घरी आलेला नाही व त्याचा ठावठिकाणा...

"मावशी, बरोबर आहे ना हे?" त्याने विचारलं.

बाई दारात उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं नाही. पाचही पंचांकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्याकडे.

"न्हाय," ती म्हणाली. "म्हमईला असतात. शिमग्याला येतील."

"मावशी, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"व्हय सायब. पन असतात."

मी पंचांकडे वळलो. म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत आहे ते सांगा.  त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, टोपी हातात धरलेला, म्हणाला, "ती म्हणत्येय तर असतील, साहेब."

"असतील कसे? तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"रजा मिळत न्हाय हो त्यांना," दुसरा म्हणाला.

पाचांपैकी एकानेही सही केली नाही. पोलीस पाटलांनीही नाही. त्यांच्यातल्या कुणाला त्या मुलीचं वाईट व्हायला नको होतं. एकाची मुलगी तिच्याच वर्गात शिकलेली. पण त्या बाईच्या तोंडावर तिला खोटी पाडणं त्यांना जमलं नाही, आणि मी पोलिसी आवाज वापरूनही जमवू शकलो नाही. तलाठ्याने कागदाची घडी घातली. त्याच्यापुढे आता स्वतः बाईने दिलेलं उत्तर होतं. दाखला निघणं शक्य नव्हतं.

ती एकटी असताना, शेतात गाठून, हळू आवाजात विचारलं असतं तर? ज्या पंचांना सही करायची त्यांच्या घरी आधी जाऊन बोललो असतो तर? हे मला नंतर सुचलं. जीप घेऊन जाणाऱ्याला ते आधी सुचत नाही.

मुलीला फी मी भरतो म्हणालो. ती म्हणाली, "मग गावात काय सांगू सर, कुणी भरली?"  मुदत संपली, शिष्यवृत्ती गेली. तिने वसतिगृह सोडलं. जाताना रेक्टरबाईंकडे ग्रंथालयाची दोन पुस्तकं देऊन गेली, परत करायला.

जबाबात मी 'माहीत होतं' हे वाक्य घातलं नाही. तेवढा खोटेपणा मी नोकरीत केला आणि त्याचा मला पस्तावा नाही. बाकी तेरा जणांनी खरे दाखले आणले, ते पदवीधर झाले. खोटं बोलले ते पार झाले आणि खरं बोलली ती राहिली. खटला अजून तारखांवर आहे. दुकानदार जामिनावर सुटला, दुकान चालू आहे. निनावी अर्ज कुणी लिहिला ते मी शोधलं नाही.

खात्यात आम्हाला शिकवतात की सत्य कागदावर आणलं की तपास पुरा झाला. मी तीस वर्षं तेच केलं आणि चांगलं केलं, हे मी आजही म्हणेन. पण प्रश्न विचारताना उत्तर आणखी कोण कोण ऐकणार आहे, हे बघायचं असतं. ते मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, त्या अंगणात कळलं, आणि त्याची किंमत माझ्या पदरची गेली नाही. माझ्या फॉर्मवरची 'नोकरी' कुणी खोडली असती, वडिलांना चारचौघांत उभं करून 'हमाल ना तुम्ही?' असं विचारलं असतं, तर मी तरी पदवीधर झालो असतो का, कोण जाणे.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी कामानिमित्त पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानाच्या रस्त्याला गेलो होतो. संध्याकाळी औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या सुटल्या. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून बाया बाहेर पडत होत्या. त्यातली एक थांबली, डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढली आणि माझ्याकडे आली.

"सर, ओळखलंत?"

ओळखलं होतं. हातावर पिवळे डाग नव्हते, बर्फाने बोटं पांढरी पडली होती. पॅकिंगच्या विभागात आहे म्हणाली, मुलींवर देखरेख करते. पुढचं शिक्षण मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"आई कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि वडील?" जुन्या सवयीने तोंडातून गेलं. गेल्यावर मी जीभ चावली.

ती माझ्याकडे तशीच पाहत राहिली, वसतिगृहात पाहत होती तशी, सरळ.

"मुंबईला असतात," ती म्हणाली.

आजूबाजूला तिच्याबरोबरच्या बाया उभ्या होत्या.

"रजा मिळत नसेल," मी म्हटलं.

"नाही ना सर." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "शिमग्याला बघू."